बे म्हणजे पोट

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. शाळेला मिडटर्मची सुट्टी लागायला दोन दिवस होते. सकाळी सव्वाआठला मी ओट्याशी उभी राहून इराचा डबा भरत होते आणि नागपूरहून माझ्या नवऱ्याचा, महेशचा, फोन आला. तो रोज याच सुमाराला यायचा. आईंनी किती घोट पाणी घेतलं, झोप लागली का, एवढं सांगून तो ठेवून द्यायचा. त्या दिवशी म्हणाला, “अनघा, आई गेली.” मी विचारलं, किती वाजता. वेळ जाणून घेऊन मी काय करणार होते, कोण जाणे... पण त्याने सांगितलं, बाराला, आणि मी मनात साडेचार तास वजा केले. इथले साडेसात. म्हणजे तेव्हा मी कणीक मळत होते.

इरा नऊ वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इथल्या सुरातल्या इंग्रजीत. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून ती बुटाचे बंद बांधत होती. मी शेजारी बसले आणि आजी गेली म्हणून सांगितलं. तिने दुसऱ्या बुटाचाही बंद नीट बांधला. मग विचारलं, “सो शी'ज नॉट कमिंग इन मार्च?” नाही, म्हटलं. उठून दप्तर घेताना तिने विचारलं, सूनजाआजीला कोण सांगणार?

सूनजाआजी म्हणजे आमची शेजारीण. क्लोनडॉकिन या आयरिश उपनगरातल्या आमच्या वसाहतीत घरं जोडीजोडीने बांधलेली आहेत, मधली भिंत सामायिक. आमच्या भिंतीपलीकडे ही कोरियन म्हातारी राहते. इराला शाळेत सोडून मी तिच्या दारापर्यंत गेले, बेलवर बोट ठेवलं आणि परत आले. पुन्हा गेले, पुन्हा आले. तिला मराठी येत नाही, इंग्रजी अगदी ‘हॅलो’, ‘थँक्यू’पुरतं. मला कोरियन भाषेतला एकच शब्द धड माहीत होता, आणि तो तिच्यासमोर उच्चारण्याची माझी हिंमत नव्हती. शेवटी मी तिच्या मुलीला, मिन्जीला, मेसेज केला. मिन्जी कॉर्कला औषधांच्या कंपनीत आहे. सोमवारी पहाटे गाडीने जाते, शुक्रवारी संध्याकाळी परत येते. तिचा आयरिश नवरा सकाळी सातला घर सोडतो. दिवसभर घरात म्हातारी एकटी. म्हणूनच तर सगळं सुरू झालं.

माझ्या सासूबाई, सुमनताई, अचलपूरच्या प्राथमिक शाळेत चौतीस वर्षं शिक्षिका होत्या. बहुतेक काळ दुसरीचा वर्ग. बाराखडी पक्की करणं आणि पाढे घटवणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. सासरे गेल्यावर अमरावतीच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्या राहायच्या. गेली तीन वर्षं त्या आमच्याकडे यायच्या, दर वेळी नव्वद दिवसांच्या व्हिसावर. नव्वद म्हणजे नव्वद. फ्रिजवर त्या स्वतःच कॅलेंडर लावायच्या आणि रोज एक घर पेन्सिलीने हलकेच खोडायच्या. इरा त्यांना विचारायची, किती राहिले, आणि त्या आकडा न सांगता तिला वजाबाकी करायला लावायच्या.

मी पुण्याची. इथे लिहायचंच आहे तर हेही लिहायला हवं की त्यांच्या बोलण्याची मला सुरुवातीला लाज वाटायची. “मले”, “तुले”, “काय करून राहिली व”... गणपतीत इथली मराठी मंडळी जमली की त्यांनी जरा प्रमाण बोलावं असं मला वाटायचं. एकदा तसं सुचवलंही. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, शाळेत चौतीस वर्षं पुस्तकातलं बोलले, आता घरात घरचं बोलते. मी पुढे कधी तो विषय काढला नाही, पण आमच्यात तेवढी एक बोटभर फट राहिली. त्या मला सांभाळून बोलायच्या. मी त्यांना सांभाळून ऐकायचे.

पहिल्या वर्षी, आल्यानंतर आठेक दिवसांनी, मागच्या अंगणात त्या कपडे वाळत घालत होत्या. इथे ऊन पडलं की वाळत घालायचं आणि भुरभुर सुरू झाली की धावत काढायचं, हेच दिवसभर चालतं. पलीकडे सूनजाआजीही तेच करत होती. दोघी एकदमच धावल्या, आणि आईंच्या हातून उडालेली इराची चादर कुंपणापलीकडे गेली. ती घडी घालून परत देताना म्हातारीने छातीवर हात ठेवून नाव सांगितलं. आई घरात आल्या त्या हसतच. “अनघा, तिचं नाव काय हाय माईत हाय का? सूनजा! मी इतकी वर्सं सासू हावो, पण सुनेले जा म्हनाची हिंमत नाई झाली माही. हिच्या मायबापानं नावच ठेवलं.” त्या दिवशी मीही पोटभर हसले.

दोन दिवसांनी सूनजाआजीने कुंपणावरून एक फळ दिलं. चेंडूएवढं गोल, मातकट पिवळं, सालीवर बारीक ठिपके. शहरातल्या आशियाई दुकानात ते मिळतं, एकेक जाळीच्या टोपीत गुंडाळलेलं. आई म्हणाल्या, नासपती दिसते. म्हातारी फळावर बोट ठेवून म्हणाली, “बे.” आईंना वाटलं, ही दोन म्हणतेय, म्हणजे आणखी एक आहे. त्यांनी दोन बोटं दाखवून विचारलं, “बे?” म्हातारीने मान हलवली आणि आत जाऊन एका जुन्या पाकिटाच्या मागे होडी काढून आणली. शीड, खाली दोन लाटा. त्यावर बोट ठेवून पुन्हा तेच, “बे.” आई गोंधळल्या. तेव्हा म्हातारीने आपल्या पोटावर थाप मारली आणि म्हणाली, “बे!”

संध्याकाळी मी ऑफिसमधून आले तर आई टेबलाशी इराची एक कोरी वही घेऊन बसल्या होत्या. त्यांना वाटत होतं की बाई आपली थट्टा करते. फळ, नाव आणि पोट यांना एकच शब्द कसा असेल? मी म्हटलं, असेल, आपल्याकडे नाही का, नाव म्हणजे होडी आणि नाव म्हणजे आपलं नाव. मग त्यांनी वहीत लिहिलं: बे – नासपती. बे – नाव (पाण्यातली). बे – पोट.

पण लिहून त्यांचं समाधान झालं नाही, कारण तो ‘बे’ काही खरा ‘बे’ नव्हता. पुढचे कितीतरी दिवस कुंपणाशी दोघींची शाळा भरली. दुसरीच्या मुलांना शिकवताना त्या जे करायच्या तेच त्यांनी केलं, तळहात तोंडासमोर धरून श्वास तपासला. सूनजाआजीच्या तोंडापुढे त्यांचा हात, त्यांच्या तोंडापुढे तिचा. शब्द एकटा म्हटला की तो प आणि ब यांच्या मधे कुठेतरी फुटतो, आणि स्वरही निव्वळ ए नाही, तोंड जरा जास्त उघडायचं. “ना प हाय ना ब,” त्या मला सांगायच्या, “आपल्या बाराखडीत याले जागाच नाई.” मग त्यांनी स्वतःच जागा केली. प लिहायचा आणि खाली एक टिंब द्यायचं. वहीत पुढे सगळीकडे तो टिंबवाला प आहे.

शुक्रवारी मिन्जी आल्यावर तिने आणखी एक अर्थ सांगितला. ‘बे’ म्हणजे पटही. दोन पट, तीन पट. दोनाला ‘दु’, म्हणून दुप्पट ते ‘दु बे’. आईंना इतका आनंद झालेला मी क्वचितच पाहिला. दु म्हणजे दोन, दुपटीतला दु, दुण्यातला दु... आणि त्यांच्या शाळेत तर दुबे गुरुजीच होते! त्यांनी कुंपणाशी उभं राहून ‘बे एके बे’पासून दहापर्यंत पाढा म्हणून दाखवला आणि सूनजाआजीने टाळ्या वाजवल्या. मग मायलेकीत कसलासा वाद लागला. म्हातारीचं म्हणणं, पट असलेला ‘बे’ लांब म्हणायचा आणि फळ, नाव, पोट हे तिन्ही आखूड. मिन्जीचं म्हणणं, आता असं कुणी म्हणत नाही, सगळे सारखेच. आईंनी ताबडतोब म्हातारीची बाजू घेतली. ऱ्हस्व-दीर्घ गेलं तर भाषेत राहिलं काय, असं त्या मिन्जीला मराठीत ऐकवत होत्या आणि मी कसंबसं भाषांतर करत होते.

त्या दोघींनी बोटांवर मोजून आपली वयंही ताडून पाहिली होती. आई एका वर्षाने मोठ्या निघाल्या. तेव्हापासून सूनजाआजी त्यांना ‘ऑन्नी’ म्हणू लागली, थोरली बहीण. दुसऱ्या वर्षी त्या येणार म्हणून ती दारात उभी होती. दिवसाचे चार-पाच तास त्या एकत्र असत. काय बोलत, देव जाणे. सूनजाआजीचं गाव समुद्रकाठचं, मोक्पो नावाचं बंदर. नवऱ्याची मासेमारीची नाव होती आणि तो एका हिवाळ्यात नावेसकट परत आला नाही, हे मला आईंकडून कळलं. त्यांना कसं कळलं ते त्यांनाही सांगता येईना. म्हणाल्या, ती ‘बे’ म्हणाली, हात असा दूर नेला, आणि मग हात खाली ठेवला.

यंदा मार्चच्या मध्यावर त्या तिसऱ्यांदा आल्या. विमानतळावर मला थोड्या वाळलेल्या वाटल्या. प्रवासाने, त्या म्हणाल्या. एप्रिलमध्ये त्यांचं जेवण कमी झालं. मी केलेली भाजी त्या ताटात फिरवत बसायच्या. तिखट लागतं, मग आंबट लागतं, मग आता भूक नाही. आणि दुपारी पलीकडे जाऊन सूनजाआजीने केलेली पांढरी, पातळ भाताची पेज मात्र वाटीभर खाऊन यायच्या. मला राग आला होता. हे लिहायला जड जातं, पण आला होता. दिवसभर काम करून मी यांच्यासाठी ज्वारीचं पीठ कुठून कुठून आणते, आणि यांना शेजारणीची पेज गोड लागते. महेशपाशी मी कुरकुरलेही. तो म्हणाला, खातेय ना काहीतरी, जाऊ दे.

मे महिन्यातला पहिला बुधवार. मी घरून काम करत होते. अकराच्या मीटिंगमध्ये हेडफोन लावून बसले होते आणि बेल वाजली. आई वरच्या छोट्या खोलीत पडल्या होत्या. दारात सूनजाआजी. चप्पल उलटसुलट घातलेली, ॲप्रन तसाच. तिने आधी जिन्याकडे पाहिलं, मग आवाज अगदी खाली आणून म्हणाली, “ऑन्नी... बे आफायो.” मला नीट ऐकू आलं नाही. एका कानात ऑफिसमधला कुणीतरी बोलत होता. मी विचारलं, काय? ती पुन्हा म्हणाली, “बे आफा. बे आफायो.” आणि पोटावरून हात फिरवला.

आदल्या रविवारी मी आप्पे केले होते आणि त्यांच्याकडे डबाभर पाठवले होते. आप्पे हा शब्द आईंनी तिला शिकवला होता, ती तो ‘आप्पा’ असा म्हणायची. बे, आप्पे, आणि पोटावरून फिरणारा हात... मला वाटलं, ती सांगतेय की आप्पे छान होते, पोट भरलं. किंवा आणखी दोन हवेत. मी हसले. “वन मिनिट,” म्हणून आत गेले, फ्रिजमध्ये उरलेले सात-आठ आप्पे डब्यात घातले आणि तिच्या हातात ठेवले. तिने डब्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा हसले, मान डोलावली आणि हेडफोनकडे बोट दाखवलं. ती लगेच गेली नाही. दोन्ही हातांत डबा धरून ती दारात उभी राहिली, मी दार लावेपर्यंत.

‘आफा’ म्हणजे दुखतं. त्यातला फ श्वास सोडून म्हणायचा असतो, फणसातल्यासारखा. आई त्या जागी असत्या तर त्यांनी तिच्या तोंडासमोर तळहात धरला असता आणि त्यांना तो श्वास लागला असता.

जूनच्या मध्यावर नव्वद दिवस संपले आणि आई अमरावतीला परत गेल्या. तिथेही महिनाभर त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. जुलैत खालच्या मजल्यावरच्या बाईंना त्या जिन्यात बसलेल्या सापडल्या. महेश गेला, त्यांना नागपूरला नेलं. जठराचा कॅन्सर, यकृतापर्यंत पोचलेला. ऑगस्टमध्ये शाळेच्या सुट्टीत इराला घेऊन मी तीन आठवडे गेले. नागपुरात महेशने हॉस्पिटलजवळच एक जागा घेतली होती. आई खिडकीपाशी पलंगावर असायच्या. हातात त्राण राहिलं नव्हतं, पण इराकडून रोज सतराचा पाढा म्हणवून घ्यायच्या.

एका दुपारी महेश आणि इरा बाहेर गेले होते. मी आईंचे पाय चेपत होते आणि माझ्याने राहवलं नाही. मी विचारलं, “आई, तिकडे असतानाच दुखत होतं ना? मला का नाही सांगितलं?”

त्या म्हणाल्या, “सांगतलं ना. सूनजाले सांगतलं.”

“मला का नाही?”

“तुले सांगतलं असतं तं तू मले दवाखान्यात नेलं असतं. मंग इकडं धाडून देल्लं असतं. माहे चाळीस दिवस बाकी होते, अनघा.” पुढे म्हणाल्या, “अन् तिच्या भाषेत सांगतलं की ते दुखनं माह्यं नाई वाटे. कोनाचं तरी दुसऱ्याचं सांगून राहिली, असं वाटे. ‘बे आफा’ म्हनलं की झालं. ती पेज करे. मी खाये.”

मी विचारलं, तुम्ही तिला काय म्हणायचात? त्यांनी पुन्हा म्हणून दाखवलं, क्षीण आवाजात, पण अगदी अचूक. ना प ना ब. आणि मग तो फ. माझे हात त्यांच्या पायांवर तसेच राहिले. मेमधला तो बुधवार माझ्यासमोर उभा राहिला... चप्पल, ॲप्रन, डबा. मी त्यांना सांगितलं. सूनजाआजी आली होती, आई. दारात येऊन सांगून गेली. मला वाटलं, ती आप्पे म्हणतेय. मी तिला आप्पे दिले.

आई माझ्याकडे बघत राहिल्या आणि हसायला लागल्या. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला. “बे आप्पे,” त्या म्हणाल्या, “अव माय... तिनं दुखनं सांगतलं अन् तू तिले आप्पे देल्ले!” हसता हसता त्यांनी पोट धरलं. हसण्यानेच त्यांना कळा येत होत्या आणि तरी त्यांना थांबता येईना. मी रडत होते. त्यांनी माझं मनगट पकडलं. हसणं ओसरल्यावर म्हणाल्या, महेशले सांगू नको. “तो तुले माफ करन. पन त्याले लय दिवस लागतीन. तुमाले दोघाले तेवढे दिवस कायले वाया घालाचे?”

इरा आणि मी परतलो. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर संपताना आई गेल्या. ड्रोहेड्याच्या हॉस्पिटलात आमचा एक मित्र डॉक्टर आहे, मुकुंद. नाव-गाव न सांगता मी त्याला विचारलं, की दोन-अडीच महिने आधी कळलं असतं तर? त्याने खोटं सांगितलं नाही. म्हणाला, शेवट बहुधा हाच झाला असता, पण मधला त्रास कमी करता आला असता, बराच. मग त्याने विचारलं, “वहिनी, कोण आजारी होतं?” मी फोन ठेवला.

आई गेल्या त्या आठवड्याच्या शुक्रवारी संध्याकाळी मिन्जी तिच्या आईला घेऊन आमच्याकडे आली. सूनजाआजीने काळे कपडे घातले होते. टेबलाशी बसली, हात मांडीवर ठेवले आणि खाली मान घालून बोलायला लागली. मिन्जी थांबत थांबत इंग्रजीत सांगत होती. “आई म्हणते, तिची चूक झाली. तीन वर्षं ती इथे राहते आणि पोटाला इंग्रजीत काय म्हणतात ते तिने शिकून घेतलं नाही.” मी म्हटलं, नाही, चूक माझी, मी ऐकलं नाही. मिन्जीने ते सांगितलं. म्हातारीने जोरजोरात मान हलवली आणि आणखी काही बोलली. मिन्जीने ते लगेच सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, “ऑन्नीने तिला कुणालाही सांगू नको म्हणून ओठांवर बोट ठेवून बजावलं होतं. तरी ती एकदा तुमच्याकडे आली. तुम्ही हसलात. तुम्ही हसलात म्हणून तिला वाटलं की तुम्हाला सगळं माहीत आहे आणि काळजीचं काही नाही. म्हणून तिने मलाही सांगितलं नाही.” एवढं बोलून मिन्जी रडायला लागली आणि त्यानंतर आमच्यातलं भाषांतर बंद झालं. सूनजाआजी उठून माझ्याजवळ आली. मी बसलेलीच होते. तिने माझं डोकं स्वतःच्या पोटाशी धरलं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात महेश सगळं आटोपून आला. आईंनी सांगू नको म्हटलं होतं. तो आल्यावरही मी तेरा दिवस पाळलं, मग सांगितलं. आम्ही गाडीत होतो, इराला शाळेतून घ्यायला लवकर पोचलो होतो. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, “कोणता बुधवार?” मी सांगितलं. त्याने मोबाईल काढला, त्या दिवसापर्यंत मागे गेला. त्या बुधवारी संध्याकाळी त्याने आईंचा आणि इराचा फोटो काढला होता, मागच्या अंगणात, दोघी उन्हात डोळे बारीक करून. आईंचा डावा हात पोटावर होता. आम्ही दोघेही तो हात बघत राहिलो. “मीही समोरच होतो की,” तो म्हणाला, “मलाही दिसला नाही.” नंतर दोन-तीन दिवस तो माझ्याशी कामापुरतं बोलला. चौथ्या दिवशी सकाळी त्याने माझ्यासाठी चहा ठेवला. आईंनी म्हटले होते तितके दिवस अजून झालेले नाहीत. ते जातायत, एकेक करून.

वरची छोटी खोली आम्ही अजून आवरलेली नाही. प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भिंतीतल्या कपाटात, त्यांचा राखाडी स्वेटर आणि दोन सुती साड्या आहेत, पुढच्या खेपेला लागतील म्हणून ठेवून गेलेल्या. खोलीत जाणं मला जमत नव्हतं. गेल्या महिन्यात एका दुपारी सूनजाआजी आली आणि तिने जिन्याकडे बोट केलं. मी तिला वर नेलं. ती पलंगाच्या कडेला बसली, मी खुर्चीवर. तेव्हापासून ती आठवड्यातून दोनदा तरी येते. कधी नुसती बसते. परवा मात्र ती बोलली, कोरियनमध्ये, अर्धा तास तरी. मधे दोनदा ‘बे’ आला. कोणता, ते मला ओळखता आलं नाही... पोट असेल, नाव असेल. मी अडवलं नाही. तिच्या तोंडाकडे बघत शेवटपर्यंत ऐकलं.

बोलून झाल्यावर ती उठली, पलंगपोस ओढून सारखा केला आणि जिना उतरली. दाराशी चपला घातल्या. मग वळून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “येतो व.”

कोरियन वळणाचा एक कणही त्यात नव्हता. बायकांचंही ‘येतो’च, आणि तो ‘व’ तसाच, किंचित ओढलेला, अचलपूरचा. आईंनी तिला हे कधी शिकवलं असेल? कुंपणाशी, रोज संध्याकाळी घरात येताना त्या तिला म्हणत असतील, आणि तिने ते निरोपाचे शब्द म्हणून उचलले असतील. मला कधी ऐकू आलं नव्हतं.

मी दार धरून उभी होते. “या,” म्हटलं.